फोटोच्या डाव्या कडेला

आमच्या घरात दहा फुटांची एक सुती दोरी होती आणि ती फक्त फोटो काढताना बाहेर येई. तिच्या एका टोकाला गाठ होती. ती गाठ आई नाकाच्या शेंड्याला लावून धरी. दुसरे टोक हातात घेऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, मागे मागे जात आणि दोरी ताणली गेली की तिथेच चपलेने मातीत रेघ ओढत. अण्णांचा कॅमेरा घडीचा होता. त्यात समोरच्या माणसाचे अंतर आपणच ठरवून भिंगाच्या कड्यावर लावावे लागे, आणि बहुतेक लोक ते अंदाजाने लावत. अण्णा गिरणीत फिटर होते. अंदाज या शब्दावरच त्यांचा राग होता. त्यामुळे आमच्या घरातली माणसे आयुष्यभर कॅमेऱ्यापासून बरोबर दहा फुटांवर उभी राहिली.

रेघ ओढून झाली की खरे थांबणे सुरू होई. मिटलेला असताना तो कॅमेरा एखाद्या जाड पोथीसारखा दिसे. कळ दाबली की पुढचे झाकण खाली पडे आणि खट् असा आवाज करून काळ्या चामडी घड्यांच्या टोकाला बसवलेले भिंग बाहेर येई. त्या घड्यांना अण्णा भाता म्हणत, लोहाराचा असतो तसा. भाता उघडून ते कॅमेरा छातीशी धरत, एका अंगाने उन्हाकडे जरासे वळत आणि मग नुसतेच उभे राहत.

“अण्णा, काढा की आता!” मी कुरकुरत असे.

“थांब. ऊन येऊ दे.”

ऊन तर समोरच असे. सोलापुरात उन्हाची वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तेवढ्यात आई माझा दंड धरून मला आपल्याकडे ओढून घेई.

“हिकडं सरक. त्या कडंला जागा सोड.”

मी सरकत असे. फोटोत एका कडेला मोकळी जागा सोडण्याचा काही नियम असावा, अशी माझी समजूत झाली आणि ती साठी उलटेपर्यंत टिकली.

मला लिहिण्याची सवय नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी झाली. इतरांनी लिहिलेले योग्य जागी ठेवणे एवढेच माझे काम होते आणि ते मला मनापासून आवडे, कारण त्यात बोलावे फार कमी लागे. निवृत्त झाल्यावर आई आणि मी दोघीच घरात उरलो. सात रस्त्याच्या अलीकडे आमचे छोटे बैठे घर आहे. गिरणी बंद पडल्यावर चाळ सोडून अण्णांनी ते घेतले. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली. आईने ऐंशी ओलांडली आहे. तिचे माहेर अक्कलकोटकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले, आणि तिची भाषा शहराने जराही बदललेली नाही.

कॅमेरा लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात सापडला, चामड्याच्या पेटीसकट. या वयात नवे काही शिकायला घ्यावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. संगणकावर असे जुने कॅमेरे वापरणाऱ्या हौशी लोकांचे व्हिडिओ मी रोज दुपारी पाहू लागले. त्यांच्या एका गटात नावही नोंदवले, मात्र तिथे एक शब्दही कधी लिहिला नाही. कृष्णधवल रोल अजून कुरिअरने मिळतात हे कळले. तरी कुणा जाणत्याला एकदा विचारावे म्हणून नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत गेले. दुकानाचे मालक तिशीतले होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“मॅडम, ह्याच्यात कार्ड कुटं घालायचं?”

मग तेच हसले. “चेष्टा केली ओ. आमच्या वडलांकडं बी होता असला. मागं ही लाल खिडकी, त्यात नंबर बघत रोल फिरवायचा. पण रोल धुवायचं लई वर्षं झालं बंद. डार्करूममध्ये आता लॅमिनेशनचं मशीन हाय.”

मग मी घरीच सारे करायचे ठरवले. ही हिंमत कुठून आली ते सांगता येत नाही. बहुधा घरात कोणी पाहणारे नव्हते म्हणून आली.

व्हिडिओंमधल्या सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते: आधी भाता तपासा. घड्यांच्या कोपऱ्यांना झिजून सुईएवढी भोके पडतात, त्यांतून उजेड आत शिरतो आणि फोटोवर पांढरे डाग उमटतात. मी न्हाणीघराच्या खिडकीवर चादर लावून अंधार केला, मोबाइलचा दिवा भात्याच्या आत ठेवला आणि बाहेरून पाहिले. काळ्या घड्यांवर एकच तारा चमकत होता. एका बाजूच्या कोपऱ्यात, अगदी बारीक आणि फार तेजस्वी.

उजेडात नेऊन पाहिले तेव्हा अण्णांची तीन ठिगळे दिसली. सायकलच्या ट्यूबचे रबर कडांना कागदासारखे पातळ घासून त्यांनी असे बसवले होते की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. चौथे भोक त्यांच्या नजरेतून निसटले असावे किंवा नंतर पडले असावे, असे मला वाटले. माझ्याकडे पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी दुरुस्त करायचे काळे कापड होते, खळ होती आणि त्या कामाचा हात होता. मी ते भोक बुजवले. पुन्हा अंधार करून पाहिले, तर कुठेही तारा नव्हता. अण्णांचे राहिलेले काम आपल्या हातून पुरे झाले, असे वाटून मला फार बरे वाटले.

पहिला रोल आईसाठीच होता. आईने मागेच सांगून ठेवले होते.

“मला हार घालायचा फोटो काढून ठेव. मागनं धावपळ नगं. आन् त्ये आधारकार्डावरचं मोठं करून लावू नगंस. त्यात मी चोरावानी दिसतीया.”

“आई, असं बोलू नये.”

“का? तुज्या कपाटात मेलेल्यांचीच पुस्तकं हुती की.”

सकाळी आईने इरकली लुगडे नेसले. अंगणातल्या बाकड्यावर ती बसली, ती बाकड्याच्या एका टोकाला. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून पाहिले तर उजव्या कडेला आई आणि बाकीचे बाकडे मोकळे.

“आई, मधे बस ना.”

“आसू दे. ती जागा हाय.”

मला वाटले, गुडघ्यांमुळे तिला सरकणे नको असेल. रोलमध्ये आठच फोटो बसत, ते आठही मी काढले.

सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी इतके तापते की त्यात धुतलेल्या फिल्मवरचा थर विरघळतो, असे मी वाचले होते. म्हणून रसायनांच्या बाटल्या माठातल्या पाण्यात ठेवून गार केल्या. आईने त्या दिवशी माठातले पाणी प्यायला साफ नकार दिला. फिल्म मात्र उत्तम निघाली. तिची निगेटिव्ह मोठी असते. ती सरळ फोटोच्या कागदावर ठेवून उजेड दिला की त्याच मापाचा फोटो होतो, हाताच्या पंजात मावेल एवढा. अण्णाही असेच करत. वाळलेला पहिला फोटो मी आईच्या हातात दिला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्यात आली होती. इतका स्वच्छ फोटो आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

आईने चष्मा वर ढकलला, फोटो डोळ्यांजवळ नेला. ती स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. डाव्या कडेकडे, मोकळ्या बाकड्याकडे पाहत होती.

“थोरला कुटं गेला?”

“कोण थोरला?”

“तुजा भाऊ.” तिने बोट मोकळ्या जागेवर ठेवले. “हितं आसतोय त्यो.”

माझ्या आधी आईला एक मुलगा होता. तीन वर्षांचा होऊन तो तापाने गेला; त्यानंतर वर्षभराने मी झाले. एवढेच मला ठाऊक होते. आई त्याला थोरला म्हणे, अण्णा काहीच म्हणत नसत, आणि मला त्याच्यासाठी कोणता शब्द वापरावा ते कधी कळले नाही. तीन वर्षांच्या मुलाला दादा म्हणायला जीभ वळत नाही. त्याचा एकही फोटो नव्हता. त्याला नव्या पेठेत फोटो काढायला नेतो, असे अण्णा म्हणत राहिले आणि गिरणीतल्या पाळ्या बदलत राहिल्या. तो गेला त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा कुणाचा तरी वापरलेला हा कॅमेरा घेऊन घरी आले. हे मी इतरांकडून तुकड्यातुकड्याने ऐकले होते. तो फोटोत असतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आईने कपाटातून अल्बम काढायला लावला. काळ्या पानांचा तो अल्बम मी शंभरदा पाहिला असेन, तरी त्या दुपारी तो प्रथमच पाहिला असे म्हणावे लागेल. पहिल्या पानावर चाळीच्या दारात उभी असलेली तरुण आई. तिच्या शेजारी, फोटोच्या डाव्या कडेला, धुरासारखा एक पांढरा आकार. वर निमुळता, खाली जरा रुंद, तिच्या कमरेएवढा उंच.

“ह्यात तू पोटात हुतीस,” आई म्हणाली.

पान उलटले. मी आईच्या कडेवर, तो कडेला. पुढच्या एका फोटोत मी फ्रॉक घालून उभी आहे आणि आम्ही दोघे उंचीने सारखे आहोत. त्यानंतर मी त्याच्यापेक्षा इंचभर वर गेले. मग वीतभर. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, पहिली साडी, आईच्या बरोबरीची उंची. आणि प्रत्येक पानावर माझ्या पलीकडे तो, आईच्या कमरेएवढाच. दोरी कायम दहा फुटांची होती, त्यामुळे त्याच्या उंचीत कधी फरक पडला नाही. मी वाढत गेले आणि तो तीन वर्षांचाच राहिला. प्रत्येक फोटोत मी आईच्या आणि त्याच्या मधे उभी होते, जागा सोडून, आणि मला त्याची कल्पना नव्हती.

ग्रंथपालाला एक खोड असते. क्रम लावल्याशिवाय राहवत नाही. पाने पुन्हा चाळताना मला दिसले की अगदी पहिल्या काही फोटोंत आणखीही डाग आहेत, एक दारावर, एक आभाळात, एक पायांशी. पुढे ते तिन्ही एकाच वेळी नाहीसे होतात. कडेचा पांढरा आकार तेवढा राहतो. तीन डाग आणि तीन ठिगळे. म्हणजे अण्णा भात्यातली भोके बुजवायला बसले होते आणि चौथे भोक त्यांनी पाहिले होते. ते निसटले नव्हते.

मी अल्बम मिटून कपाटात ठेवला.

पुढचे दिवस कठीण गेले. आई रागावली असती तर बरे झाले असते. ती कारण शोधू लागली. भाकरी पुढ्यात घेऊन बसे आणि मध्येच विचारी.

“चाळ सोडली म्हनून घर घावत न्हाय का त्याला?” मग स्वतःच म्हणे, “न्हाय, अण्णा हुते तवर हितंबी येत हुता.” एकदा ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि अगदी सहज म्हणाली, “तुला वळखत न्हाय त्यो. म्हनून आला न्हाय.”

मी ताट उचलून आत गेले.

एका सकाळी तिने तो स्वच्छ फोटो मला परत दिला. “ह्यो भिंतीला लावू नगंस. मी एकटी न्हाय जायची भिंतीवर. त्यो आला तर लाव, न्हाय तर मोकळी भिंत आसू दे.”

मोकळ्या भिंतीची मला भीती वाटू लागली. आमच्या बाहेरच्या खोलीत अण्णांच्या फोटोशेजारी एक खिळा आईने आधीच मारून घेतला आहे. येता-जाता तो खिळा दिसे. बाकड्यावर बसायचे झाले तर मी त्याच्या एका टोकाला बसू लागले, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी दचकले. अंगण झाडताना बाकड्याच्या त्या बाजूने केरसुणी हलकेच फिरे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. विश्वास नसणे आणि केरसुणी हलकी फिरणे या दोन गोष्टी एकाच बाईत राहू शकतात, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

अखेर आईला खरे काय ते सांगायचे असे मी ठरवले. मनाशी वाक्ये जुळवली, त्यांचा क्रम लावला. दुपारी तिला न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची दिली, अंधार केला, भात्यात मोबाइलचा दिवा ठेवला.

“आई, हे बघ. हा भाता जुना झाला, की त्याला भोकं पडतात. त्यांतून उजेड आत येतो. तो पांढरा आकार दिसायचा ना, तो त्या उजेडाचा डाग होता. मी ते भोक बुजवलं. म्हणून आता दिसत नाही.”

अंधारातून आईचा आवाज आला, त्यात नवल किंवा दुःख नव्हते. उलट जरा चीडच होती.

“भोक हाय त्ये मला म्हाईत न्हाय व्हय? शिकलीस येवढी, आन् भोक दावायला मला अंधारात बसीवतीस?”

“तुला माहीत होतं?”

“अण्णांनी दावलं हुतं की. राकेलची चिमणी आत धरून. चार भोकं हुती. तीन बुजीवली, चवथ्याला हात घातला तवा मीच म्हनलं, ह्ये येक ऱ्हाऊ द्या.”

“पण मग तुला कळत होतं, की तो नुसता उजेड आहे.”

“अगं, भोक हाय म्हनून तर येत हुता त्यो. दार नसल्यावर मानूस येनार कुटनं?” ती खुर्चीवरून उठू लागली. “तू दार लावलंस व्हय! आन् मी बसलीया, पोरगं रुसलं म्हनून.”

तिच्या आवाजातली चीड जाऊन तिथे सुटका आली होती. तो रुसला नव्हता, वाट चुकला नव्हता, मला ओळखायला नकार देत नव्हता. माझ्यामुळे त्याला आत येता आले नाही, एवढेच होते. मी दिवा बंद करायला विसरले आणि भात्याकडे पाहत उभी राहिले.

“आणि ऊन?” मी विचारले. “अण्णा कॅमेरा उघडून उन्हात थांबायचे, तेही तूच सांगितलं होतंस?”

“न्हाय बाई. ऊन त्यांचं त्यांनीच. मी कदी इचारलं न्हाय, त्यांनी कदी सांगितलं न्हाय.”

म्हणजे भाता जितका वेळ उघडा राहील तितका उजेड आत झिरपणार, हे त्या हिशेबी माणसाने ओळखले होते. भोकाची बाजू उन्हाकडे करून, एक शब्दही न बोलता, ते मुलगा येईपर्यंत थांबत होते. आणि मी दहा फुटांवर उभी राहून पाय आपटत होते.

खळीने चिकटवलेले कापड ओले करून सोडवता येते, हे मी हजारो पुस्तकांवर केले आहे. पण पुस्तकाची पाठ आणि इतका जुना भाता यांत फरक असतो. ओल्या बोळ्याने भिजवून ठिगळ सावकाश उचलले, तर त्याच्याबरोबर चामड्याचा झिजलेला पापुद्राही निघून आला. सुईएवढे भोक आता मसुरीच्या डाळीएवढे झाले होते. अंधार करून पाहिले. तारा उरला नव्हता. आत जणू कंदील लावला होता.

ठिगळ पुन्हा लावून त्याला सुईने बारीक छिद्र पाडता आले असते. मी सुई हातात घेतलीही होती. परंतु मग तो आकार मी केलेला झाला असता, माझ्या मापाने, माझ्या सुईने. मी सुई डबीत ठेवून दिली. जे फाटले होते ते तसेच राहू दिले, आणि एवढ्या उजेडात आईचा चेहराही धुऊन जाईल की काय या धास्तीने सकाळची वाट पाहिली.

आईने अट घातली. “ह्या बारीला तू बी ये फोटोत. तू आपली लांबच.”

मी फोटोत असेन तर कळ कोण दाबणार? शेवटी शेजारच्या वहिनींना बोलवावे लागले. त्यांच्या घरात टॉवेलचे माग आहेत, घरची बोली तेलुगू, आणि हसण्याला निमित्त लागत नाही. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो पापडाच्या परातीसारखा दोन्ही हातांनी धरला.

“ताई, हे दाबल्यावर पुढचं नाक आत जाऊन बोट चिमटणार नाही ना?”

“नाही, वहिनी. फक्त हलू नका.”

“मी? मी हलले नाही तर घरातलं एक काम होत नाही, आणि मला म्हणता हलू नका!”

दोरी पेटीच्या खिशात होती. मी ती बाहेर काढली आणि काही सांगायच्या आत आईने हात पुढे केला, गाठ घेतली, नाकाच्या शेंड्याला लावली. दुसरे टोक धरून मी मागे मागे गेले. दोरी ताणली गेली तिथे फरशीवर चिमूटभर रांगोळीने रेघ ओढली, वहिनींना रेघेवर उभे केले, भाता उघडला, त्यांना हलकेच उन्हाकडे वळवले आणि धावत जाऊन आईच्या बाजूला उभी राहिले.

“हिकडं सरक,” आई म्हणाली. “जागा सोड.”

मी सरकले. वहिनींचे बोट कळीकडे गेले.

“थांबा,” मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी बहुधा कधीच बोलले नसेन. “ऊन येऊ दे.”

“ऊन? अहो ताई, उन्हानं डोकं फुटायला आलंय माझं!”

पण त्या थांबल्या. अंगणात कोणी हलेना. आईचा हात माझ्या दंडावर होता. दुसऱ्या बाजूला, जिथे कोणी नव्हते तिथे, माझ्या हाताला ऊन लागत होते. मी त्या बाजूला मान वळवली नाही.

मग कळ दबली. आई म्हणाली, एकच बास. उरलेला रोल मी तसाच गुंडाळून घेतला.

निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो आणि सावली पांढरी. फिल्म पाण्यातून काढून खिडकीसमोर धरली, तेव्हा पांढऱ्या केसांच्या जागी काळे केस असलेली आई दिसली, काळ्या चेहऱ्याची मी दिसले आणि माझ्या पलीकडे, मला खेटून, काळाकुट्ट माणूस उभा होता. मूल नव्हते ते. माझ्याएवढा उंच होता. ओली फिल्म हातातून सुटू नये म्हणून मी ती दोरीवर अडकवली आणि बाहेर येऊन बसले. भोक मोठे झाले, म्हणून आकार मोठा झाला. यात न समजण्यासारखे काही नव्हते. मी हे स्वतःला दोन-तीनदा सांगितले.

कागदावर तो पांढरा झाला. आईचा चेहरा शाबूत होता. माझा मात्र अर्धा खांदा आणि कानाची पाळी त्या पांढऱ्यात विरघळली होती.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग फोटो गुडघ्यावर ठेवून तिने माझ्याकडे पाहिले, आणि तसा आनंद मी तिच्या तोंडावर आधी पाहिलेला नाही.

“वाढला की गं!”

तिने फोटो पुन्हा उचलला.

“केवढा झाला बघ. तुज्यापेक्षा बी उंच. अण्णांच्या वळनावर गेलाय.” तिने बोटाने तो आकार वरपासून खालपर्यंत गिरवला. “क्यास बी पिकलं आसतील आता त्याचं. आन् ह्ये बघितलंस का? तुज्या खांद्यावर हात टाकलाय त्यानं.”

भोक का फाटले ते मला ठाऊक आहे. खळ कुठली, कापड कुठले, चामडे कुठे झिजले होते, सारे सांगू शकेन. तरी त्या दिवशी स्वयंपाक करताना माझा हात पुन्हा पुन्हा त्या खांद्याकडे जात होता, आणि पदर सरळ करण्याखेरीज त्याला तिथे काही काम नव्हते.

पंजाएवढा फोटो भिंतीवर लावता येत नाही. तो मोठा करून चौकटीत बसवून घेण्यासाठी मी निगेटिव्ह घेऊन पुन्हा नव्या पेठेतल्या त्या स्टुडिओत गेले. मालकांनी ती यंत्रात घातली आणि आम्ही दोघी त्यांच्या पडद्यावर उजळलो.

“अरे वा, मॅडम! जमलं की तुमाला. आजी लई भारी आल्यात.” मग त्यांचे बोट पडद्याच्या डाव्या कडेकडे गेले. “ह्यो डाग तेवढा काढतो. तुमचा खांदा बी भरून देतो. दोन मिनिटाचं काम हाय. न्हाय तर ही कडच कापू.”

ते कळ दाबणारच होते.

“हात लावू नका,” मी म्हणाले.

दुकानातली दोन गिऱ्हाइके माझ्याकडे वळून पाहू लागली. एरवी मी तिथून निघून गेले असते.

“डाग नाही तो,” मी म्हणाले. “माझा दादा आहे.”

मालकांनी पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला आणि मोजपट्टी उचलली.

“मग फ्रेम जरा रुंद घ्यावी लागंल,” ते म्हणाले. “तिघं हाय म्हटल्यावर.”